त्यांनी आम्हाला हिवाळा दिला

सिएटलच्या बाजूला नव्याने राहायला आलेल्या आपल्याकडच्या माणसाला थंडीपेक्षा अंधार जास्त खातो. डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, आणि दिवसभर तो ढगाआडच असल्यामुळे मावळला तरी कुणाला फारसं कळत नाही. पाऊसही आपल्यासारखा धो धो कोसळून मोकळा होत नाही. ऑक्टोबरात सुरू झालेली भुरभुर पार वसंतापर्यंत चालते. मी मिरजेची. उन्हाचा कंटाळा येतो हे मला माहीत होतं. उन्हाची भूक लागते हे इथे आल्यावर कळलं. एव्हरेटमधल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यात थोरली सहा वर्षांची होती, धाकटा तीन. नवरा अंधारात कामाला जायचा आणि अंधारात परतायचा. दोन मुलं आणि मी, आम्ही तिघं दिवस ढकलत होतो.

शेजारच्या घरात एक वयस्क जोडपं राहायचं. ते एव्हरेटच्या बोईंगच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, त्या शाळेत ग्रंथपाल होत्या. मुलगी लग्न होऊन ॲरिझोनाला गेलेली. आमच्या मुलांनी त्यांना पहिल्या महिन्यातच आजोबा-आजी म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनीही त्या हाकेला ओ द्यायला वेळ लावला नाही. मीही इथे तेच म्हणते. त्यांच्या दारात एक चौकोनी, करड्या रंगाची फोक्सवॅगन व्हॅन उभी असायची. वर उघडणारं छप्पर, आत दोन शेगड्या, छोटंसं बेसिन, बाक उलगडला की पलंग. १९८७ सालची सिंक्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद पोचवणारी. दर शुक्रवारी दुपारी ते दोघं तिच्यात सामान भरायचे आणि रविवारी रात्री परत यायचे. चेहरे लाल, रापलेले, आणि कमालीचे खूश. या पावसात ही माणसं ऊन कुठून आणतात, असा प्रश्न मला पडायचा.

उत्तर डोंगरावर होतं. अमेरिकेचा दोन नंबरचा हमरस्ता आमच्या एव्हरेटमधूनच सुरू होतो आणि पूर्वेला कॅस्केड पर्वतात चढतो. गावात जो पाऊस असतो, तोच चार हजार फुटांवर स्टीव्हन्स पासच्या घाटात बर्फ होऊन पडतो. पर्वतरांग ओलांडून पलीकडे वेनाची गावाकडे उतरलं की ढग मागे राहतात आणि लख्ख ऊन लागतं. दोन-तीन तासांच्या अंतरावर ऊन आहे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या ओळखीतली मंडळी हिवाळ्यात मॉलमध्ये जायची.

एके दिवशी आजी दोन मोठ्या पिशव्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. आत मुलांचे लोकरी कपडे होते. आतून घालायचे सदरे, पायजमे, मोजे, सगळे त्यांच्या मुलीचे जपून ठेवलेले. त्यांनी एकच नियम सांगितला: डोंगरावर सुती कपडा अंगाला लागू द्यायचा नाही. सुती कपडा ओला झाला की अंगातली ऊब ओढून घेतो. लोकर भिजली तरी ऊब धरून ठेवते. मी आत गेले आणि आईने सोबत दिलेलं घोंगडं घेऊन आले. काळं, सांगोल्याकडचं, सनगरांच्या मागावर विणलेलं, दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीचं. आजींनी ते दोन्ही हातांत धरलं, बोटांनी वीण चाचपली, नाकाशी नेऊन वास घेतला आणि विचारलं, हे पावसात पांघरतात ना? मेंढपाळ पावसात याचीच खोळ करतात, असं मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मग तुला शिकवायला फार वेळ लागणार नाही. ते घोंगडं त्या शुक्रवारी व्हॅनमध्ये पलंगावर अंथरलं गेलं ते आजतागायत तिथेच आहे.

व्हॅनमध्ये चारच जण बसू शकत. म्हणून पहिल्या फेरीला मी आणि थोरली त्यांच्याबरोबर गेलो, नवरा आणि धाकटा दुसऱ्या दिवशी गाडीने आले. व्हॅनचं इंजिन मागे, २.१ लिटरचं, आणि एवढं सामान घेऊन घाट चढताना तिचा जीव अगदी मेटाकुटीला यायचा. मागून गाड्या येत. आजोबा बाजूला घेऊन त्यांना पुढे जाऊ देत आणि पुन्हा आपल्या चालीने चढू लागत. घाईत त्यांना मी कधी पाहिलं नाही. वाटेत डाव्या अंगाला एक जागा यायची, तिथे ते वेग आणखी कमी करायचे आणि मुलांना सांगायचे: १९१० सालच्या १ मार्चला पहाटे या डोंगरावरून हिमकडा सुटला, बर्फात अडकून पडलेल्या दोन आगगाड्या वेलिंग्टन स्टेशनाजवळ खाली दरीत गेल्या, ९६ माणसं मेली. ही गोष्ट ते भीती घालायला सांगत नसत. रस्ता बंद आहे असं फलकावर दिसलं की कुरकुर करायची नाही, एवढंच त्यांना मुलांच्या मनावर ठसवायचं होतं. बर्फ साचून धोका वाढला की इथलं रस्ते खातं घाट बंद करतं आणि स्फोट करून कडे मुद्दाम पाडतं. पूर्वी त्यासाठी जुन्या लष्करी तोफा वापरत. रस्ता बंद झाला की आजोबा व्हॅन कडेला लावायचे आणि चहाला आधण ठेवायचे.

स्कीइंग मला आजींनी शिकवलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला लिफ्टकडे फिरकूही दिलं नाही. पायांत स्की अडकवून, उताराला आडवं उभं राहून, एकेक पाऊल बाजूला टाकत वर चढायला लावलं. दहा-बारा फूट चढायचं, तेवढंच घसरायचं, पुन्हा चढायचं. मुलांना इथले शिक्षक स्कीची टोकं जवळ आणायला ‘पिझ्झा’ आणि स्की सरळ ठेवायला ‘फ्रेंच फ्राइज’ म्हणून सांगतात. थोरलीला ते तासाभरात जमलं. मला जमेना, कारण मी घाबरले की मागे झुकायची. आजींनी माझ्या बुटाच्या पुढच्या जिभेवर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, तुझी नडगी इथे दाबलेली मला दिसली पाहिजे. मागे झुकलं की स्कीच्या पुढच्या भागावरचं वजन जातं आणि ती वळत नाही, नुसती पळत सुटते. ताबा हवा असेल तर दरीच्या दिशेने पुढे झुकायचं. शरीराचा प्रत्येक कण नको म्हणत असताना पुढे झुकायचं. वयाच्या तिशीत शिकलेल्या गोष्टींत यापेक्षा मोलाचं मला काही आठवत नाही. आजी माझ्यापुढे उलट्या तोंडाने घसरत, हात पुढे करून, मी एकेक वळण घेईपर्यंत थांबत राहिल्या. स्वतःचा अख्खा शनिवार, ताजं बर्फ, निळं आभाळ, हे सगळं त्यांनी त्या वीस फुटांच्या उतारावर माझ्यासाठी घालवलं. स्की करणाऱ्या माणसाला असा दिवस सोडणं किती जड जातं, हे मला पुढे स्वतःला गोडी लागल्यावर समजलं.

खरं शिक्षण मात्र रात्रीचं. स्की रिसॉर्टच्या गाड्या लावायच्या जागेत, बाहेर उणे दहा, आणि आत चार माणसं झोपायची म्हणजे काय काय सांभाळावं लागतं! हँडब्रेक ओढायचा नाही, त्याची तार रात्रीत गोठते. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावायचे. वायपर काचेवरून उचलून उभे करायचे. टाकीतलं पाणी घरूनच काढून टाकायचं आणि पिण्याचं पाणी कॅनमध्ये भरून आत ठेवायचं. बुटांचं आतलं अस्तर काढून पांघरुणात घ्यायचं, नाहीतर सकाळी बूट लाकडासारखे कडक होतात. छप्पर वर उचललं की कापडी बाजूंतून ऊब निघून जाते, म्हणून आजींनी जुन्या रजया कापून त्या कापडाला आतून लावायचे पडदे शिवले होते. आणि एवढी ऊब जपूनही एक खिडकी बोटभर उघडी ठेवायचीच. चार माणसांच्या श्वासाची वाफ आतून काचांवर गोठते. पण ते कारण दुय्यम. शेगडी किंवा हीटर जळत असताना हवा खेळती नसेल तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना वास ना रंग. आजोबा झोपण्याआधी त्याच्या अलार्मचं बटण दाबून तो वाजतो ना हे बघायचे. रात्रीतून दोनदा उठून, डोक्याला दिवा बांधून, बाहेर जाऊन हीटरच्या धुराड्यापुढचं बर्फ फावड्याने दूर करायचे. आपण उठलोय हे कुणाला कळू नये म्हणून दार किती हळू लावायचे! सत्तरीकडे झुकलेला माणूस माझ्या मुलांच्या श्वासासाठी पहाटे तीनला बर्फात उभा असायचा.

एकदा त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये कुठला वायू असतो? प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण, मी म्हटलं. मग त्यांनी समजावून सांगितलं: ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच द्रव होऊन बसतो, वर येतच नाही, प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायूच राहतो. म्हणून इथल्या थंडीत शुद्ध प्रोपेनच हवा. त्या शेगडीवर मी पहिल्यांदा कुकर लावला तेव्हा शिट्टीच्या आवाजाने शेजारच्या गाडीतली माणसं दार उघडून बाहेर आली. मुगाची खिचडी, वर तूप, सोबत पोह्याचा पापड. त्या रात्री दोन्ही बाजूंनी घाट बंद झाला होता आणि खालून कुणी येणार नव्हतं. एका तरुण जोडप्याच्या गाडीची बॅटरी उतरली होती. आजोबांनी केबल लावून ती सुरू करून दिली, मी आणखी एक कुकर लावला, त्यांनी सफरचंदं आणली, कुणी सूप आणलं. बर्फ पडत होतं आणि आम्ही अनोळखी माणसं एका ताडपत्रीखाली उभ्याने जेवत होतो. आजोबांना खिचडीपेक्षा मेतकूट आवडायचं. गरम भातावर घालून ते चमच्याने इतक्या मन लावून खायचे की मिरजेहून येणाऱ्या प्रत्येकाला मी एक जादा पुडी आणायला सांगायची.

स्कीइंग हा श्रीमंतांचा खेळ आहे, हे ऐकून आम्ही आधी त्याच्या वाटेला गेलो नव्हतो, आणि ते ऐकलेलं खोटं नाही. चार जणांची लिफ्टची तिकिटं, भाड्याचे बूट-स्की, हॉटेल, बाहेरचं जेवण यांची बेरीज केली की मध्यमवर्गीय घराचा महिना हलतो. आजोबा-आजींनी आम्हाला दुसरा रस्ता दाखवला. शरद ऋतूत जुन्या स्कींचे बाजार भरतात, तिथून मुलांचं सामान घ्यायचं. हंगामाचा पास वसंतातच, स्वस्त असताना काढायचा. आणि हॉटेलच्या जागी व्हॅन. हा रस्ता आता अरुंद होतोय. बरेच डोंगर मोठ्या कंपन्यांनी घेतले, रात्रीच्या मुक्कामाचे दर चढले, जागा आधी ऑनलाइन धरावी लागते. ज्या कामगार कुटुंबांनी हा खेळ इथे वाढवला त्यांच्या नातवंडांना तो परवडू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अशाच एका कुटुंबातले फिल आणि स्टीव्ह माहर हे जुळे भाऊ याकिमाजवळच्या व्हाइट पासवर वाढले. वडील तिथे डोंगराची देखभाल करायचे आणि घर लिफ्टच्या पायथ्याशीच. १९८४ च्या सारायेवो ऑलिंपिकमध्ये स्लालममध्ये फिलला सुवर्ण मिळालं, स्टीव्हला रौप्य. ती शर्यत आजींनी टीव्हीवर पाहिली होती. ती सांगताना त्यांचे दोन्ही हात आपोआप काठ्या धरल्यासारखे पुढे यायचे.

मला सगळ्यात जवळचा डोंगर वेनाचीजवळचा मिशन रिज. पश्चिमेकडचं बर्फ ओलं आणि जड, कॅस्केड काँक्रीट म्हणतात त्याला. इकडचं कोरडं, हलकं, पिठासारखं, आणि वर ऊन. तिथल्या एका खोलगट उताराला बॉम्बर बोल असं नाव आहे. १९४४ च्या सप्टेंबरात सरावाला निघालेलं बी-२४ बॉम्बर विमान तिथे कोसळलं आणि आतले सहाही जण गेले. त्या विमानाच्या पंखाचा तुकडा डोंगरावर आठवण म्हणून ठेवलेला आहे. आजोबांनी तिथे हेल्मेट काढलं, मुलांनीही काढलं. संध्याकाळी व्हॅनमध्ये ते प्रथमच आपल्या वडिलांबद्दल बोलले. वडील ८७ व्या माउंटन इन्फन्ट्री रेजिमेंटमध्ये होते. १९४१ च्या नोव्हेंबरात फोर्ट लुइसला ती उभी राहिली आणि माउंट रेनियरच्या पॅराडाइझमध्ये तिचे जवान स्कीवर तयार झाले. पुढे ती दहाव्या माउंटन डिव्हिजनमधून इटलीत उतरली आणि १९४५ च्या फेब्रुवारीत अपेनाइन्समधल्या माउंट बेल्व्हेदेरेवर लढली. वडील परत आले, पण त्यांनी लढाईबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मुलाला फक्त स्कीइंग शिकवलं.

मी म्हटलं, माझ्या आईचे वडीलही तेव्हा इटलीतच होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीत. आजोबांनी हातातला कप खाली ठेवला. माझ्या आजोबांनीही घरी फारसं काही सांगितलं नव्हतं. आम्हाला ठाऊक होतं ते एवढंच की ते सेनियो नदीच्या लढाईत होते, जिथे ९ एप्रिल १९४५ ला नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना वाचवून, शत्रूच्या मशीनगन एकट्याने बंद पाडून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. आजोबांनी ड्रॉवरमधून नकाशांचं जुनं पुस्तक काढलं आणि दिव्याच्या उजेडात आम्ही बेल्व्हेदेरे आणि सेनियो शोधले. पानावर दोन्हींमध्ये फार अंतर नव्हतं. ते बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसले होते. माझी आई आमच्या भेटीगाठींना ऋणानुबंध म्हणायची आणि मी ते तिच्या पिढीचं बोलणं समजायची. त्या रात्रीनंतर मी तसं समजत नाही.

पुढच्या वर्षांत ते आम्हाला व्हॅनच द्यायला लागले. आधी एका रात्रीसाठी, मग शनिवार-रविवारसाठी. आम्ही कॅनडाच्या सीमेजवळच्या माउंट बेकरला जायला लागलो. १९९८-९९ च्या हंगामात तिथे १,१४० इंच बर्फ पडलं, म्हणजे जवळपास २९ मीटर. एका हंगामातल्या बर्फाचा तो जागतिक विक्रम आहे. तिथे विजेची तारसुद्धा पोचलेली नाही, सगळं जनरेटरवर चालतं, आणि फोन लागत नाही. सकाळी उठलं की व्हॅन अर्धी गाडलेली असायची. धाकटा, तेव्हा आठ वर्षांचा, कुणी न सांगता आधी धुराडं मोकळं करायचा. ते बघून मला फार भरून यायचं.

मग आजोबांचं कंबरेचं हाड मोडलं, आजींना दिसायला कमी झालं, आणि मुलीने त्यांना ॲरिझोनाला बोलावून घेतलं. या सिंक्रो व्हॅनना आज हौशी लोक डोळे पांढरे होतील इतके पैसे मोजतात. दोन खरेदीदार त्यांच्या दारात येऊन गेले, एक तर रोख घेऊन. आजोबांनी दोघांनाही नाही म्हणून सांगितलं आणि आमच्याकडून फक्त शेवटच्या गिअरबॉक्स दुरुस्तीचा खर्च घेतला, तोही पावती दाखवून. आम्ही जास्त द्यायचा आग्रह केला तेव्हा ते पहिल्यांदाच आमच्यावर रागावले. किल्ल्यांबरोबर त्यांनी एक वही दिली. पहिल्या पानापासून प्रत्येक फेरीची नोंद: तारीख, मैल, पेट्रोल, बर्फ किती, कोण कोण सोबत, काय बिघडलं, कसं दुरुस्त केलं. पेन्सिलीने, बारीक, तांत्रिक कामगाराच्या अक्षरात. आमच्या पहिल्या फेरीच्या ओळीत त्यांनी माझं आणि थोरलीचं नाव लिहिलंय, पुढे बर्फाची खोली, आणि शेवटी: आजीने आज स्की केली नाही, खूप मजा आली. त्यांच्या शेवटच्या नोंदीनंतरची पानं मराठीत आहेत. मीच लिहिते.

मला नोकरी इथल्या लोकांनी दिली, नागरिकत्व सरकारने दिलं. त्या दोन्हीबद्दल मी कृतज्ञ आहे. पण हा देश माझा आहे असं मला कागदांमुळे वाटलं नाही. थंडीत कसं जगायचं, हे आपल्या मुलांना शिकवावं तसं दोन माणसांनी मला शिकवलं, तेव्हा ते वाटलं. त्यांनी आम्हाला हिवाळा दिला, आणि वर्षाचा निम्मा भाग इथे हिवाळाच असतो. आजोबा अजूनही दर शुक्रवारी फोन करून विचारतात, चाकांच्या साखळ्या घेतल्या ना? थोरली आता बेलिंगहॅमला शिकते आणि शनिवार-रविवारी लहान मुलांना स्कीइंग शिकवते. बुटाच्या जिभेवर बोट टेकवून.

एव्हरेट, लिनवुड, बॉथेलकडे या वर्षी राहायला आलेल्या मराठी कुटुंबांना माझी विनंती आहे. डिसेंबर घरात बसून काढू नका. मुलांचे स्कीचे बूट १८ ते २४ सेंटिमीटर मापांचे, हेल्मेटं, हातमोजे आणि आजींनी दिलेले लोकरी कपडे आमच्या गॅरेजमध्ये धुऊन ठेवलेले आहेत. येऊन घेऊन जा, पैसे देऊ नका, मुलं वाढली की परत आणा म्हणजे पुढच्यांना देता येतील. व्हॅनमध्ये दोन जागा रिकाम्या असतात. शुक्रवारी दुपारी दोनला निघतो.